फोनवरून शेतीचा सल्ला कसा घ्यावा?



आजचा विषय खताचा नाही, बियाण्याचा नाही, की कुठल्या एका किडीचाही नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या खिशातल्या फोनबद्दल. फोन चालवायचा कसा हे मी सांगायला नको, ते घरातले पाचवीतले पोरही सांगेल. पण फोनवरून पिकाचा सल्ला मागायचा कसा, आलेला सल्ला पारखायचा कसा आणि तो आपल्या रानाला लावायचा कसा, हे कोणी बसून सांगत नाही. आणि यातली चूक महागात पडते. औषधाचा पैसा जातो, हंगाम जातो, आणि कधीकधी माणूससुद्धा जातो. त्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

खरीप सुरू झाला की माझा फोन सकाळी सहापासून वाजू लागतो. बहुतेक फोन एकाच साच्यातले. "साहेब, सोयाबीन पिवळं पडलंय. काय मारू?"

आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यावे? सोयाबीन पिवळे पडण्याची निदान चार कारणे मला इथे बसल्याबसल्या सांगता येतील. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत पाऊस लागून राहिला की ती हमखास दिसते, आणि वाफसा आला की बरेचदा पीक आपले आपण सावरते. दुसरे कारण पिवळा मोझॅक. यात पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे दिसतात आणि सुरुवातीला इथे एक झाड, तिथे एक झाड असे पडते. हा विषाणूचा रोग आहे, पांढरी माशी तो पसरवते. २०२३ साली आपल्या राज्यात याने सोयाबीनला चांगलाच फटका दिला. रोगट झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही, ते उपटून नष्ट करावे आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा. तिसरे कारण साचलेले पाणी. रानाच्या खोलगट भागातले तेवढेच पीक पिवळे असेल, तर मुळे गुदमरली आहेत. तिथे औषध नको, फावडे पाहिजे. चर काढा आणि पाणी बाहेर काढा. चौथे कारण खोडमाशी. झाड उपटा आणि खोड उभे चिरा. आत लालसर नागमोडी पोखर दिसली तर तिची अळी आत आहे.

चार दुखणी, पण फोनवर चौघांचे नाव एकच, 'पिवळं पडलंय'. असा फोन एखाद्या दुकानात गेला तर तिकडून उत्तर पटकन येते, कारण तिथे प्रश्न औषधाचा नसून बाटलीचा असतो. सगळे दुकानदार तसे नसतात हेही सांगितले पाहिजे. काही जण चांगली चौकशी करून माल देतात. पण अर्धवट प्रश्नाला उत्तर अर्धवटच मिळणार, मग ते दुकानदार देवो, आम्ही देवो, नाहीतर विद्यापीठाचा शास्त्रज्ञ देवो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, फोन लावण्याआधी रानात जा. बांधावरून बघून भागत नाही. बांधाकडची झाडे नेहमीच वेगळी असतात. आत शिरा, पाच ठिकाणी थांबा, पाने उलटी करून बघा. सोयाबीनच्या दोन ओळींमध्ये जुने पोते अंथरून एक मीटर लांबीतली झाडे त्यावर हलकेच झटका आणि पडलेल्या अळ्या मोजा. तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीच्या बाबतीत मीटरला तीन-चार अळ्या भरल्या तर फवारणीचा विचार करावा. एखादीच दिसली तर थांबावे, चार दिवसांनी पुन्हा मोजावे. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावले असतील, तर रोज सकाळी अडकलेले पतंग मोजा. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे लागोपाठ तीन रात्री झाले, तर ती धोक्याची पातळी. हा आकडा फोनवर सांगितलात की समोरच्या माणसाला तुमचे रान दिसू लागते.

मग प्रश्न असा विचारावा. "सोयाबीन आहे, पेरणी २० जूनची, जमीन भारी काळी. आठ दिवस पाऊस लागून होता, काल उघडला. रानाच्या खालच्या अंगाला पिवळं आहे, वरच्या अंगाला नाही. खोड चिरून बघितलं, पोखर नाही. अजून काही फवारलेलं नाही." बघा, यात शेवटपर्यंत येता येता उत्तर निम्मे मिळाले की नाही? पूर्वी काय फवारले हे सांगायला बरेच जण संकोचतात, जणू डॉक्टरपासून आधीचे औषध लपवावे तसे. लपवू नका. तेच औषध पुन्हा मारण्यात अर्थ नसतो.

फोटो पाठवणार असाल तर एक फोटो पुरत नाही. एक पूर्ण रानाचा, एक अख्ख्या झाडाचा आणि एक अगदी जवळून, पानाच्या खालच्या बाजूचा किंवा अळीचा. जवळच्या फोटोत शेजारी काडेपेटीतली काडी ठेवावी म्हणजे आकार कळतो. ऊन आपल्या पाठीमागे असावे. रात्री बॅटरीच्या उजेडात काढलेल्या फोटोत हिरवे पानही पांढरे दिसते, त्यावरून कोणी काय ओळखणार?

फोटोचा उपयोग किती होतो ते मक्यावरच्या लष्करी अळीच्या वेळी दिसले. ही अमेरिकेकडची अळी. भारतात ती २०१८ साली प्रथम कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांनी ती पाहिलेलीच नव्हती, मग ओळखणार कशी? ओळख अशी आहे. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढावे तशी फिकट खूण, आणि शेपटीच्या अलीकडे चौकोनात मांडल्यासारखे चार काळे ठिपके. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा. तेव्हा अळीचा फोटो काढताना डोके आणि शेपूट दोन्ही नीट आले पाहिजे. नुसत्या कुरतडलेल्या पानाचा फोटो फारसा उपयोगी नाही.

आता विचारायचे कोणाला? केंद्र सरकारचे किसान कॉल सेंटर २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झाले. नंबर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. साधा बटणांचा फोनही चालतो. २०२५ साली राज्याच्या कृषी खात्याने महाविस्तार नावाचे ॲपही आणले आहे, त्यात मराठीत विचारले की यंत्रच मराठीत उत्तर देते. याशिवाय राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठे आहेत, जवळचे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि गावात कृषी खात्याचा माणूस आहेच. सगळीकडे नियम एकच. माणूस असो की यंत्र, त्याला तुमचे रान दिसत नाही. तुम्ही दाखवाल तेवढेच दिसते.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्या इतक्या उठल्या की उभी रानेच्या राने खराट्यासारखी झाली. कळले तोवर उशीर झाला होता. त्यानंतर २००९-१० पासून आपल्या राज्यात 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. त्याची रीत सोपी आहे. ठरलेल्या रानांत ठरलेल्या दिवशी माणूस जातो, अळ्या आणि पतंग मोजतो, आकडे संगणकावर जातात. कुठल्या तालुक्यात कीड चढते आहे ते त्यावरून कळते, विद्यापीठाचे तज्ज्ञ सल्ला ठरवतात आणि तो मेसेज होऊन तुमच्या फोनवर येतो. पण या सगळ्या साखळीची पहिली कडी कोणती? रानात वाकून मोजणारा माणूस. ती कडी कच्ची राहिली तर पुढचा संगणक कितीही मोठा असला तरी तो चुकीचाच सल्ला देणार. तेव्हा सर्वेक्षणाला कोणी रानात आले तर दोन मिनिटे सोबत चला, मोजायला हात लावा.

आता सल्ला मिळाला. पुढे काय? कागद-पेन्सिल घ्या. औषधाचे नाव लिहून घ्या, आणि ते कंपनीने ठेवलेले नाव नव्हे, तर आतल्या घटकाचे नाव व टक्केवारी. एकाच घटकाची दहा नावांनी बाटली मिळते. मात्रा लिहून घ्या आणि ती फोनवरच परत वाचून दाखवा. "दहा लिटरला की पंपाला?" हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. समजा दहा लिटर पाण्याला ४ मिली सांगितले, आणि तुमचा पंप १६ लिटरचा आहे, तर पंपाला साडेसहा मिलीच्या आत-बाहेर औषध लागेल. बाटलीच्या बुचाने अंदाजे ओतणारा माणूस यात हमखास चुकतो. पेट्रोल पंपाने फवारणार असाल तर तेही आधी सांगा, कारण त्याला एकरी पाणी कमी लागते आणि मात्रेचा हिशेब बदलतो. कापणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, हेही विचारून घ्या. भाजीपाला करणाऱ्यांनी तर पहिल्यांदा तेच विचारावे.

सगळ्यात जपून राहायचे ते फिरत आलेल्या मेसेजपासून. गावच्या व्हॉट्सॲप गटावर रोज काहीतरी येते. "हे तीन औषध एकत्र मारा, सात दिवसांत फरक." कोणी लिहिले, कधी लिहिले, कुठल्या जिल्ह्यासाठी, पीक किती दिवसांचे, काहीच नाही. तो मेसेज गेल्या वर्षीचा असेल, दुसऱ्या पिकाचा असेल, किंवा माल खपवायला लिहिलेला असेल. ज्या मेसेजला तारीख नाही आणि लिहिणाऱ्याचा पत्ता नाही तो आपल्या रानात आणू नये. आणि तीन औषधे एका टाकीत कालवण्याचा सल्ला तर कोणाच्याही सांगण्यावरून मानू नये, विद्यापीठाची तशी शिफारस असेल तर गोष्ट वेगळी.

२०१७ चा खरीप आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. शेकडो शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात गेले, वीसच्या आसपास माणसे दगावली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवेत दमट उकाडा, अंगात साधा सदरा, तोंडाला काही नाही, आणि पंपात जहाल औषधांचे मिश्रण. रोजाने फवारायला जाणाऱ्या माणसाला पंपात काय आहे हे ठाऊकही नसते. माझे मत विचाराल तर मजुराला पंपात काय आहे ते सांगणे ही मालकाची जबाबदारी आहे, आणि त्यात संकोचाचे कारण नाही.

इथे फोनचा एक चांगला उपयोग करता येईल. औषध आणले की बाटलीवरच्या लेबलाचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. लेबलावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. त्याच लेबलावर हे औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी चालते ते छापलेले असते. तुमचे पीक त्यात नसेल तर ते मारू नये. आणि फवारताना कोणाला मळमळ, घाम, डोळ्यापुढे अंधारी असे काही झाले, तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, १०८ ला फोन करावा, आणि दवाखान्यात लेबलाचा तो फोटो डॉक्टरांना दाखवावा. विष कोणते ते कळले की उपचाराला वेळ लागत नाही. गाडीत घालण्याआधी लिंबू-ताक पाजत बसू नका.

हवामानाच्या मेसेजकडे वळतो, कारण पेरणीचा जुगार त्यावरच खेळला जातो. हवामान खात्याची भाषा समजून घ्या. "तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस" असे ऐकले की पुष्कळ जण 'तुरळक' म्हणजे थोडा पाऊस समजतात. तसे नाही. तुरळक, काही, बऱ्याच, बहुतांश हे शब्द जागांबद्दल आहेत. शंभर ठिकाणे धरली तर तुरळक म्हणजे पंचवीसपर्यंत, काही ठिकाणी म्हणजे पंचवीसच्या वर ते पन्नास, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पंचाहत्तरपर्यंत आणि बहुतांश म्हणजे त्याहूनही जास्त. पाऊस किती, ते पुढचा शब्द सांगतो. चोवीस तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, त्यापुढे ६४.४ पर्यंत मध्यम, आणि त्यावर मुसळधार. म्हणजे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' याचा अर्थ असा की पडेल तिथे धो-धो पडेल, पण चारांपैकी तीन गावे कोरडीही राहू शकतील. असा मेसेज वाचून कोणी तिफण जुंपली, तर दोष हवामान खात्याला कसा द्यावा?

पेरणीसाठी अंदाजापेक्षा पडलेला पाऊस मोजा. सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर, झाडापासून दूर ठेवा आणि रोज सकाळी आठ-साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मोजा. एक मिलिमीटर उंची म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. ७५ ते १०० मिलिमीटर बेरीज होऊन जमीन खोलवर ओली झाल्याशिवाय सोयाबीन-कपाशी पेरू नये. २०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, आणि सगळीकडे पेरणीची घाई सुरू झाली. लवकर आला म्हणजे लागून राहील असे नसते. मृग कोरडा गेला की दुबार पेरणीचे बियाणे-खत पुन्हा उसनवारीवर आणावे लागते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. तो 'मेघदूत' ॲपवर मराठीत वाचायला मिळतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघा, फवारणी आणि काढणी त्यावर बेता. पण पेरणी डब्यावर बेता.

आता थोडे जुने सांगतो. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुण्याभोवतीच्या पाच जिल्ह्यांत, दीडशे गावांत एक प्रयोग केला. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावात वीसेक माणसांचा गट रेडिओभोवती बसायचा. आधी ऐकायचे, मग चर्चा करायची, मग करायचे. प्रश्न लिहून आकाशवाणीला पाठवायचे आणि उत्तरे पुढच्या कार्यक्रमात यायची. नंतर तपासणी झाली तेव्हा असे दिसले की जिथे गट बसला तिथे लोकांचे ज्ञान चांगलेच वाढले, आणि जिथे नुसता रेडिओ होता, गट नव्हता, तिथे फारसा फरक पडला नाही. यंत्र दोन्हीकडे तेच होते. पुढे १९५९ पासून असे गट देशभर सुरू झाले.

आज प्रत्येकाच्या हातात यंत्र आहे, पण गट मोडला. जो तो आपापल्या फोनमध्ये मान घालून बसतो. माझी विनंती आहे की आठवड्यातून एकदा, शुक्रवारचा सल्ला आला की संध्याकाळी पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर दहा-बारा जण बसा. एकाने सल्ला मोठ्याने वाचावा. ज्याने फवारले त्याने काय फवारले, किती खर्च आला, अळी मेली का ते सांगावे. ज्याने फवारले नाही त्यानेही सांगावे. खोटा मेसेज अशा ठिकाणी टिकत नाही.

आणि या बैठकीला बाया पाहिजेत. खुरपणीला त्याच जातात, वाकून पीक त्याच बघतात, पहिली अळी त्यांनाच दिसते. फोन मात्र घरधन्याच्या खिशात, आणि घरधनी तालुक्याला! घरात फोन एकच असेल तर तो रानात जाणाऱ्या माणसाजवळ असावा.

बाजारभावाचे थोडक्यात सांगतो. मेसेजमध्ये किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. आपण कमाल दर वाचतो आणि गाडी भरतो. जास्तीत जास्त माल ज्या दराने गेला तो सर्वसाधारण दर, हिशेब त्यावर करा. आवक किती झाली तेही बघा, आणि भाडे वजा करून जवळच्या बाजाराशी ताडून पाहा.

हप्त्याच्या किंवा अनुदानाच्या नावाने एखादी फाईल किंवा लिंक आली तर ती उघडू नका. फोनवर आलेला ओटीपी कोणालाही, अगदी "मी बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही, सांगू नका. कृषी खात्याचा कोणताही माणूस तुम्हाला ओटीपी विचारत नाही. मीही विचारणार नाही.

या कार्यक्रमाकडे प्रश्न जरूर पाठवा, पोस्टकार्डाने किंवा मेसेजने. त्यात पीक, वाण, पेरणीची तारीख, जमीन, पूर्वी काय फवारले आणि रानात किती झाडांवर काय दिसले ते लिहा. गावाबरोबर तालुका आणि जिल्हाही लिहायला विसरू नका. वडगाव आणि पिंपळगाव नावाची गावे आपल्याकडे इतकी आहेत की उत्तर कुठल्या वडगावला द्यायचे ते आम्हाला कळत नाही.